नसणे आणि न सापडणे

१

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये ठेवल्या जाणाऱ्या नोंदवह्यांत एखाद्या व्यक्तीच्या जन्माची नोंद शोधूनही मिळाली नाही, तर निबंधकाकडून तसा दाखला घेता येतो. महाराष्ट्रातील कार्यालयीन भाषेत या कागदाला ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ म्हणतात. कागद रूक्ष असतो आणि तो मिळवण्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे त्याहून रूक्ष. तरीही त्याच्या शब्दरचनेत एक विचारी संयम आहे. ही व्यक्ती जन्मली नाही, असे तो म्हणत नाही. नोंद आढळून येत नाही, एवढेच म्हणतो. आपल्या जन्माची उशिरा नोंद करून घेऊ पाहणाऱ्याला तर बहुधा याच कागदापासून सुरुवात करावी लागते. नोंद नसल्याचा दाखला हा नोंद होण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा ठरतो आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

‘आढळून येत नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर बोलणाऱ्याला सहसा जाणवत नाही, कारण ऐकणारा ते आपल्या समजुतीने भरून काढतो. यंत्राजवळ ही समजूत गृहीत धरता येत नाही. म्हणूनच भाषा यंत्राच्या उपयोगाची करावयाची, तर ती आकारिक तर्कशास्त्राच्या चाळणीतून गाळून घेतली पाहिजे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. या प्रयत्नाविषयी साहित्याच्या अभ्यासकांची प्रतिक्रिया बव्हंशी ठरलेली असते. रूपक, उपरोध, ध्वनी यांची उदाहरणे पुढे करून भाषा सूत्रात सापडणार नाही असे सांगितले जाते. तर्कशास्त्राचा कैवारी उलट म्हणतो की ही अलंकारांची बाब बाजूला ठेवा. साधी विधाने तरी नेमकी करता येतील की नाही? वस्तुतः खरी कसोटी या दोघांच्या मधल्या प्रदेशात लागते. अलंकाराचा लवलेश नसलेल्या कायद्याच्या, नोंदवहीच्या, वेळापत्रकाच्या वाक्यात ‘नाही’ हा शब्द आला की चाळणीची छिद्रे केवढी ठेवावयाची, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर कोणी दिले आणि कोणाच्या वतीने दिले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

२

मराठीत नकाराचे काम एकाच शब्दावर सोपवलेले नाही. ‘नको’ने इच्छा नाकारली जाते, ‘नये’ने औचित्य. ‘त्याने जाऊ नये’ हे वाक्य खरे की खोटे, असे विचारता येत नाही. ते मान्य आहे की अमान्य, एवढेच विचारता येते. विधानांच्या सत्यासत्यतेवर उभारलेल्या अभिजात तर्कशास्त्रात या दोघांना जागा नाही. विध्यर्थ आणि कर्तव्य यांची निराळी तर्कशास्त्रे पुढे रचली गेली ती याच उणिवेतून.

उरले ‘नाही’ आणि ‘नव्हे’. ‘अंगणात गाय नाही’ या वाक्याने गायीचे अंगणातील असणे नाकारले जाते. ‘ही गाय नव्हे’ या वाक्याने समोर उभ्या असलेल्या प्राण्याचे गाय असणे नाकारले जाते. प्राणी मात्र तेथे आहेच. बोलण्यात आता ‘ही गाय नाही’ असेही सर्रास ऐकू येते आणि दोन्ही कामे ‘नाही’ करू लागला आहे. तरी ‘नव्हे’ची जाण अद्याप पुसली गेलेली नाही, आणि जेथे अर्थाचा गोंधळ होण्याची धास्ती असते तेथे जाणता लेखक त्या शब्दाकडे वळतो.

दुसरी अडचण नकाराच्या आवाक्याची. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ एकही आला नाही असा होतो, आणि काही आले, काही आले नाहीत असाही होतो. विधेय तर्कशास्त्राच्या भाषेत ही दोन निरनिराळी सूत्रे आहेत. सर्ववाची संख्यापक नकारचिन्हाच्या आधी येतो की नंतर, एवढाच त्यांत फरक. पण एकदा चिन्हे मांडली की संदिग्धता उरत नाही. या बाबतीत तर्कशास्त्राचे ऋण मान्य केले पाहिजे. वाक्याचे दोन अर्थ आहेत हे नुसते जाणवणे वेगळे आणि ते दोन अर्थ कोठे फुटतात त्यावर बोट ठेवता येणे वेगळे.

तथापि दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की नेमकेपणा हा तर्कशास्त्राने भाषेला बाहेरून आणून दिलेला नाही. ‘सगळे काही आले नाहीत’ असे म्हटले की एक अर्थ पक्का होतो. ‘एकही आला नाही’ म्हटले की दुसरा. येथे ‘काही’ हा संख्येचा वाचक राहत नाही. तो नकाराला ‘सगळे’च्या अंगावर रोखतो. भाषेजवळ साधने आहेत, ती ती गरजेपुरती वापरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूळ संदिग्ध वाक्याचे सूत्र लिहिणाऱ्याला दोहोंपैकी एक अर्थ पत्करावा लागतो. कोणता पत्करावा हे सूत्र सांगत नाही. तो निर्णय सूत्र लिहिण्यापूर्वी झालेला असतो. सूत्रात दिसणारा नेमकेपणा हा त्या निर्णयाचा उरलेला ठसा असतो. निर्णय योग्य असेल तर सूत्र उपकारक. अयोग्य असेल तर तेच सूत्र चुकीला निःसंदिग्ध करून ठेवते.

३

गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ साली ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ या छोट्या पुस्तकात आधुनिक तर्कशास्त्राची चिन्हलिपी मांडली, तेव्हा त्यांना या मर्यादेची पुरती जाणीव होती. प्रस्तावनेत ते व्यवहारभाषेची तुलना डोळ्याशी आणि आपल्या लिपीची सूक्ष्मदर्शकाशी करतात. डोळा अनेक प्रसंगांना पुरा पडतो. सूक्ष्मदर्शक एका विशिष्ट कामापुरताच उपयोगी, पण त्या कामात डोळ्याची त्याच्यापुढे मात्रा चालत नाही. त्यांच्या लिपीत नकार म्हणजे आशयरेषेला खाली जोडलेला एक लहानसा उभा छेद. सगळ्या विधानाला एकच नकार, एकाच जातीचा.

सूक्ष्मदर्शकच डोळ्याच्या जागी बसवता येईल, हा विश्वास पुढच्या काळातला. रिचर्ड माँटेग्यू यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असे प्रतिपादले की नैसर्गिक भाषा आणि तर्कज्ञांच्या कृत्रिम भाषा यांच्यात महत्त्वाचा असा कोणताही सैद्धांतिक भेद नाही. इंग्रजीच्या एका मर्यादित भागाचे व्याकरण आणि अर्थविचार त्यांनी गणिती काटेकोरपणे रचूनही दाखवले. १९७१ साली त्यांची हत्या झाली. परंतु वाक्याच्या रचनेबरोबर त्याचा अर्थही पायरीपायरीने रचत न्यावा, ही त्यांची दिशा भाषाशास्त्रात रुजली.

याच सुमारास, १९७२ मध्ये, फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मेरोर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘प्रोलॉग’ ही संगणकभाषा घडवली. तिच्यामागचा एक प्रमुख हेतू यंत्राशी फ्रेंच भाषेत संवाद साधण्याचा होता, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात नसते. रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या तार्किक विवेचनाचा आधार मिळाल्यामुळे ‘तर्क हाच कार्यक्रम’ अशी तिची ख्याती झाली. यंत्राला काय करावे ते सांगावयाचे नाही, काय आहे ते सांगावयाचे. निष्कर्ष यंत्र काढील.

पण काय आहे एवढेच सांगणाऱ्या नियमांतून काय नाही ते कसे निघणार? ज्या प्रकारच्या नियमांमुळे प्रोलॉग शीघ्रगती झाली, त्यांतून नकारात्मक निष्कर्ष निघूच शकत नाही. १९७८ साली एकाच संग्रहात प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांनी यावर तोडगा दिला. कीथ क्लार्क यांनी म्हटले की एखादे विधान सिद्ध करण्याचा प्रयत्न सर्व वाटा संपून फसला, तर त्याचा नकार सिद्ध झाला असे धरावे. रेमंड रायटर यांनी त्याच अंगाने ‘बंदिस्त विश्वा’चे गृहीतक मांडले: माहितीसंग्रहात जे नाही, ते जगात नाही.

हे गृहीतक ऐकताना उद्धट वाटते, पण व्यवहारात ते पदोपदी वापरले जाते. एस.टी. स्थानकावरील वेळापत्रकात अमुक गावाला अकरा वाजता गाडी दाखवलेली नसेल, तर प्रवासी अकराची गाडी नाही असे समजून चालतो. ज्या ज्या वेळेला गाडी नाही त्या सर्व वेळा फलकावर लिहाव्यात, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. फलकावरचे मौन येथे बोलके असते, कारण गाडी असती तर ती लिहिली गेली असती, अशी त्या फलकाची घडणच असते. या ‘असती तर’वर सगळी भिस्त आहे. क्लार्क यांचा नियम मात्र तो कोणत्या फलकाला लावला जात आहे, याची चौकशी करीत नाही.

४

या नियमाला कायद्याच्या अंगणात आणणारा एक निबंध १९८६ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ दि ए.सी.एम.’ या नियतकालिकात आला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मारेक सर्गो, कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनच्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्याचा मोठा भाग तर्ककार्यक्रमाच्या रूपात मांडून दाखवला. निवड विचारपूर्वक केलेली होती. १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आलेल्या या कायद्याने, केवळ ब्रिटनच्या भूमीवर जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळण्याची जुनी व्यवस्था मोडीत काढली. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असले पाहिजेत किंवा तेथे स्थायिक असले पाहिजेत, अशी अट आली. ‘स्थायिक’ म्हणजे काय, तर ज्याच्या वास्तव्याच्या मुदतीवर आगमनविषयक कायद्याचे बंधन नाही असा नेहमीचा रहिवासी. एका विधायक शब्दाच्या पोटात असा एक नकार दडलेला.

त्याच कलमात पुढे टाकून दिलेल्या अर्भकाविषयी तरतूद आहे. कायदा अमलात आल्यानंतर ब्रिटनमध्ये एखादे नवजात मूल बेवारस आढळले, तर विरुद्ध दाखवून दिले जात नाही तोवर ते तेथेच जन्मले आणि त्याच्या आईवडिलांपैकी एक जण अट पुरी करणारा होता, असे मानावे. तर्ककार्यक्रमाच्या दृष्टीने हे कलम म्हणजे क्लार्क यांच्या नियमाचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. विरुद्ध पुरावा शोधावा. शोध फसला तर मूल नागरिक. उद्या पुरावा सापडला तर निष्कर्ष मागे घ्यावा. नकार हा अपयशातून काढलेला असल्यामुळे नवी माहिती येताच तो ढासळू शकतो, आणि येथे कायद्यालाही नेमके तेच हवे आहे.

परंतु याच यंत्रणेला उलट दिशेने प्रश्न विचारून पाहावा. ‘अमुक व्यक्ती नागरिक आहे काय?’ यंत्र आईच्या नागरिकत्वाचा पुरावा शोधते, सापडत नाही. वडिलांचा शोधते, तोही सापडत नाही. दोघे स्थायिक असल्याचा कागद नाही. सर्व वाटा संपल्यावर उत्तर येते: नाही. हा ‘नाही’ पहिल्या ‘नाही’इतकाच नियमशुद्ध आहे. दोन्ही वेळा यंत्राला काही तरी सापडले नाही, आणि न सापडण्यालाच त्याने नसणे मानले. पण पहिल्या वेळी शोधणाऱ्याच्या अपयशाचे फळ अर्भकाच्या पदरात पडले. दुसऱ्या वेळी त्याच अपयशाचा भुर्दंड माणसाच्या माथी बसला. कायदेमंडळाने पहिला निर्णय शब्दांत लिहून घेतला होता. दुसरा कोणीच लिहिला नव्हता. तो यंत्राच्या घडणीतून आला.

निबंधकर्त्यांना हे उमगले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नकाराच्या हाताळणीची चर्चा त्यांनी स्वतंत्रपणे केली आहे. फिलिप लीथ यांच्यासारख्या टीकाकारांचा रोख अधिक मुळावर होता: नियमाचा अर्थ नियमाच्या शब्दांत बंद नसतो, तो न्यायालये, अधिकारी आणि व्यवहार यांच्यात ठरत जातो, तेव्हा नियम सूत्रात घातला म्हणजे कायदा सूत्रात आला असे होत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो सरसकट आहे. कायद्याच्या एकाच पानावरील दोन ‘नाहीं’पैकी एक सूत्रात नीट बसतो आणि दुसरा का बसत नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी नकाराचाच विचार करणाऱ्या एखाद्या परंपरेकडे वळावे लागते.

५

अशी परंपरा भारतात होती. तिच्याकडे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली ‘ए.आय. मॅगझिन’मध्ये संस्कृत आणि ज्ञानाचे यंत्रोपयोगी प्रतिरूपण यांवर एक लेख लिहिला. ते त्या वेळी अमेरिकी अवकाशसंस्थेशी संलग्न संशोधनकेंद्रात होते, एवढ्या धाग्यावरून संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचा निर्वाळा त्या संस्थेने दिला, अशी दंतकथा भारतभर पसरली. लेखातील प्रतिपादन याहून मर्यादित आणि याहून मोलाचे होते. वैयाकरणांनी शाब्दबोधाच्या चर्चेत वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची जी कृत्रिम विवरणपद्धती घडवली, तिचे यंत्रासाठी रचलेल्या अर्थजालांशी साम्य आहे, असे ब्रिग्ज दाखवीत होते. नेमकेपणा त्या विवरणात होता. बोलल्या जाणाऱ्या किंवा काव्यातल्या संस्कृतात तो आपोआप होता असे नाही. तसे असते तर टीकांवर टीका लिहिण्याची गरजच पडली नसती.

शिवाय ते विवरणही एक नव्हते. साध्या वाक्याचा बोध वैयाकरण क्रियेला मुख्य मानून सांगत, नैयायिक प्रथमान्त पदाच्या अर्थाला मुख्य मानून, मीमांसक भावनेला मुख्य मानून. नागेशभट्टांसारख्या महाराष्ट्रीय पंडिताने काशीत बसून या वादांना अखेरची धार दिली. एकाच वाक्याचे तीन काटेकोर उलगडे शेकडो वर्षे नांदले. ते पत्करणाऱ्याला आपण कोणत्या पक्षातून बोलत आहोत हे मात्र सांगावे लागे.

नकाराविषयी या शास्त्रांनी दाखवलेली चिकाटी विस्मयकारक आहे. वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे प्रकार पाडले: उत्पत्तीपूर्वीचा प्रागभाव, नाशानंतरचा प्रध्वंसाभाव, त्रैकालिक अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा अन्योन्याभाव. ‘भूतलावर घट नाही’ आणि ‘घट हा पट नव्हे’ ही शेवटच्या दोहोंची उदाहरणे मराठीत सांगताना क्रियापद आपसूक बदलते. शास्त्राने कष्टाने केलेला भेद भाषेच्या अंगवळणी पडलेला दिसतो. नव्यन्यायाने यापुढे जाऊन प्रत्येक अभावाला प्रश्न विचारले: कशाचा अभाव, कशात, आणि कोणत्या रूपाने? बिमलकृष्ण मतिलाल यांनी १९६८ साली नव्यन्यायाच्या निषेधविचारावर ग्रंथ लिहून आधुनिक तर्कज्ञांना या यंत्रणेची ओळख करून दिली.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रश्न निराळा आहे: अभाव कळतो कसा? भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते मानले नाही, अनुपलब्धीला प्रत्यक्षाची सहकारी ठरवले. वाद मोठा होता. मात्र एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत होते. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, ती ‘योग्य’ असावी लागते. घट येथे असता तर तो दिसला असता, असे म्हणता येण्याजोगी परिस्थिती असेल, तरच त्याचे न दिसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा ठरतो. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, यावरून खोलीत घट नाही असे ठरत नाही. न्यायग्रंथांतील पिशाचाचे उदाहरण तर फारच मार्मिक आहे. खांब म्हणजे पिशाच नव्हे, हे डोळ्यांनी कळते; कारण खांब पिशाच असता तर खांबासारखा दिसणारा हा पदार्थ पिशाच म्हणूनच दिसला असता. खांबावर पिशाच नाही, हे मात्र डोळ्यांनी कळत नाही, कारण पिशाच असते तरी ते दिसलेच नसते. ‘नव्हे’ सिद्ध होतो, ‘नाही’ सिद्ध होत नाही.

क्लार्क यांच्या नियमात नसलेली अट ती हीच. वेळापत्रकाच्या बाबतीत ती पुरी होते, म्हणून तेथे बंदिस्त विश्वाचे गृहीतक शोभते. माणसाच्या कागदपत्रांच्या बाबतीत ती पुरी होते की नाही, हे प्रत्येक वेळी निराळे विचारावे लागते.

६

यंत्रविद्येनेही या दिशेने पाऊल टाकले, आणि तेही स्वतःच्या वाटेने. मायकेल गेलफोंड आणि व्लादिमीर लिफशित्स यांनी १९९१ च्या निबंधात तर्ककार्यक्रमांत दोन नकार शेजारी शेजारी ठेवले. एक अपयशातून येणारा, दुसरा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागणारा. त्यांनी जॉन मॅकार्थी यांच्याकडून घेतलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. शाळेची बस रेल्वेचे रूळ ओलांडू पाहते. ‘गाडी येत असल्याचे कळले नाही, तर ओलांडावे’ असा नियम केला, तर चालकाची दृष्टी अडलेली असतानाही बस पुढे जाईल. ‘गाडी येत नसल्याचे कळले, तर ओलांडावे’ असाच नियम हवा. नकाराची जागा बदलली आणि बसमधल्या मुलांचे प्राण तिच्यावर लटकले. संदिग्धता दूर करण्याचे श्रेय येथे निखालस तर्कशास्त्राचे आहे. पण त्याने दोन्ही नकार केवळ उपलब्ध करून दिले. कोठे कोणता घालावा, हे नियम लिहिणाऱ्याच्या विवेकावरच राहिले.

हा विवेक कागदावरच्या व्यवस्थांत किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण दूर नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीत १९,०६,६५७ अर्जदारांची नावे नव्हती. तो निवाडा तर्ककार्यक्रमाने केला नव्हता. माणसांनी, नियमांनी आणि संगणकीय पडताळणीने मिळून केला. यादीत नाव नाही म्हणजे माणूस परकीय, असे होत नाही, असा खुलासाही सरकारकडून झाला. म्हणजे ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांतील भेद तोंडाने मान्य होता. पुढच्या पायरीवर मात्र, त्या वेळी लागू असलेल्या १९४६ च्या परकीय व्यक्ती अधिनियमाच्या नवव्या कलमान्वये, आपण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच होता. योग्यतेची अट येथे लावून पाहिली की प्रश्नाचे खरे रूप दिसते. १९७१ पूर्वीचे आपले किंवा पूर्वजांचे वास्तव्य आणि त्या पूर्वजांशी असलेले नाते कागदाने दाखवावयाचे होते. जी स्त्री शाळेत गेली नाही, जिच्या नावावर जमीन नाही, जी लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिचे माहेरशी असलेले नाते सांगणारा कागद, ते नाते असते तर मिळालाच असता काय? मिळाला नसता. मग त्याचे न मिळणे कशाचा पुरावा होते? खांबावरच्या पिशाचासारखी ती त्या नोंदवहीला मुळात दिसण्याजोगी नव्हती.

अलीकडची भाषाप्रारूपे तर्कनियमांवर उभी नाहीत. अफाट मजकुरातील शब्दसाहचर्यांवरून ती घडतात. नकार हा त्यांच्याही अडखळण्याच्या जागांपैकी एक आहे. म्हणून मजकुराचे सूत्रांत भाषांतर प्रारूपाकडून करवून घ्यावे आणि निष्कर्ष तर्कयंत्राकडून काढवावा, असे प्रयोग होत आहेत. जुना प्रकल्प असा नव्या वेषात परतला आहे. यात निष्कर्षाची शुद्धी वाढेल, हे खरे. परंतु ‘आढळून आले नाही’ या शब्दांचे सूत्र करताना दोहोंपैकी कोणता नकार घातला गेला, हा निर्णय आता कोणा एका निबंधकर्त्याचाही राहत नाही. तो कोणी घेतला हे विचारावयाचे, तर विचारावे कोणाला, हेच कळेनासे होते.

७

साहित्यशास्त्राला हा सगळा प्रकार परका नाही. भाषेतील अर्थ तर्काच्या चौकटीत बसवण्याचा एक थोर प्रयत्न अकराव्या शतकात काश्मीरात झाला होता. महिमभट्टांचा ‘व्यक्तिविवेक’ हा ग्रंथ ध्वनीला स्वतंत्र शब्दव्यापार मानावयास नकार देतो. जे व्यंग्य म्हणून सांगितले जाते ते सारे अनुमानाने कळते, असे तो म्हणतो. ज्या उदाहरणांवर हा वाद पेटला त्यांत हालाच्या ‘गाथासप्तशती’तील एक माहाराष्ट्री गाथा अग्रभागी आहे. आनंदवर्धनांनी ती ‘ध्वन्यालोका’त, विधानातून निषेध कसा ध्वनित होतो हे दाखवण्यासाठी घेतली होती.

प्रसंग गोदावरीच्या काठचा. एका धर्मपरायण माणसाच्या येण्याजाण्याने एका स्त्रीच्या संकेतस्थळाचा एकांत मोडतो. आजवर तेथल्या कुत्र्याचे त्याला भय असे. ती त्याला सांगते की आता निर्धास्तपणे फिरावे, त्या कुत्र्याला काठावरच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. वाक्यात निषेधाचा एकही शब्द नाही, फिरण्याची मुभा मात्र स्पष्ट आहे. तरी ऐकणाऱ्याला कळते ते एवढेच की इकडे फिरकू नये.

महिमभट्ट म्हणतात, यात गूढ काय? कुत्र्याला भिणारा माणूस. तेथे सिंह आहे. म्हणून तेथे जाणे त्याला अशक्य. हेतू आहे, व्याप्ती आहे, निष्कर्ष आहे. मम्मटांनी ‘काव्यप्रकाशा’त दिलेले उत्तर अनुमानाच्याच कसोट्यांनी दिले आहे. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने भयाच्या जागी जातो, तेव्हा व्याप्ती टिकत नाही. कुत्र्याचा स्पर्श टाळणारा माणूस सिंहाला भिणारा असेलच असे नाही. आणि सिंह तेथे आहे हे कोणी पाहिले? ते ना प्रत्यक्षाने कळले, ना अनुमानाने. ते या स्त्रीच्या शब्दांवरून कळले, आणि शब्द आहे म्हणून वस्तू आहे असा नियम नाही. हेतूच असिद्ध, तर अनुमान कसले? तरीही निषेध कळतो. जे सिद्ध होत नाही ते कळते, एवढे मान्य केल्यावर कळण्याचा आणखी एक मार्ग मान्य करावा लागतो.

या युक्तिवादाचे सौंदर्य असे की तो तर्काचा अधिक्षेप करीत नाही. तर्क कोठे थांबतो हे मम्मट तर्कानेच दाखवतात, आणि थांबण्याची ती जागा बोट ठेवून सांगता येते. भाषेला यंत्रासाठी नेमके करू पाहणाऱ्यांकडून अपेक्षा करावयाची ती याच शिस्तीची. ज्या ठिकाणी शोध संपला आणि निष्कर्ष मात्र पुढे काढला, ते ठिकाण सूत्रात दिसले पाहिजे. एरवी अपयशालाच नकार मानणारे यंत्र गोदाकाठच्या त्या वाक्यात निषेध शोधील, तो त्याला सापडणार नाही, आणि फिरण्यास हरकत नाही असे उत्तर ते देईल. त्या माणसाने मात्र शब्द ऐकले, झाडीकडे पाहिले आणि वाट बदलली.